नॉर्मलवरचा खटका

इन्व्हर्टर विकणाऱ्या माणसाला लोक दोनच वेळा फोन करतात. लाईट गेली आणि इन्व्हर्टर चालला नाही तर, आणि लाईट असताना इन्व्हर्टर उगाच चालू झाला तर. एरवी मी जगलो काय आणि मेलो काय, कुणाला काही पडलेली नसते. बुधवार पेठेतल्या एका बोळात, जिन्याखालच्या दुकानात बसून तीस वर्षं मी हेच ऐकतोय. "मकबूलभाई, तुमचा इन्व्हर्टर बोंबलला." नवा असताना तो 'आमचा' असतो, बिघडला की 'तुमचा'. असो.

मला सांगायचंय ते मांजरीच्या संपतरावांबद्दल. आजवर मी हे एकाच घरात सांगितलं, आणि तिथंही उशिरा सांगितलं. तेव्हा ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका, अर्ध्यात उठून माझी कीव करू नका. मला कीव नको आहे.

संपतरावांची वीटभट्टी होती. मांजरी तेव्हा गावच होतं, महापालिकेत नंतर गेलं. पस्तीस वर्षं भट्टीचा धूर आणि राख खाऊन माणसाची फुप्फुसं खलास झालेली. दवाखान्यानं घरी सोडताना सांगितलं, आता चोवीस तास ऑक्सिजन. मग घरी मशीन आणलं, भाड्याचं, जुनाट. हे मशीन खोलीतली हवा ओढतं, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करतं आणि नळीनं नाकात सोडतं. विजेवर चालतं. वीज थांबली की श्वास थांबला, इतका साधा मामला.

म्हणून त्यांचा मुलगा भैरू माझ्या दुकानात आला. पाण्याचे टँकर चालवायचा, आवाज टँकरएवढाच. "भाई, भारीतला भारी द्या. बापाचं मशीन एक मिनिटबी बंद पडलं न्हाई पायजे." मी भारीतला दिला. दोन मोठ्या बॅटऱ्या दिल्या. स्वतः जाऊन बसवला. आणि इन्व्हर्टरच्या मागचा खटका 'यूपीएस'वर ठेवला. जिथं ठेवायला पाहिजे तिथंच.

आता हा खटका काय ते सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. लाईट जाणं वेगळं आणि व्होल्टेज खाली येणं वेगळं. लाईट गेली की आंधळ्यालाही कळतं. व्होल्टेज खाली आलं की बल्ब पिवळा होतो, पंखा आळसावतो, पण लाईट असते. खटका यूपीएसवर असेल तर व्होल्टेज जरा घसरलं की इन्व्हर्टर लाईट सोडतो आणि बॅटरीवर जातो. तोच खटका 'नॉर्मल'वर केला की तो वाट बघत बसतो. व्होल्टेज निम्म्याच्याही खाली गेलं तरच हलतो, तोवर येईल तसली मरतुकडी लाईट पुढं ढकलत राहतो. टीव्ही, पंखा, बल्ब यांना ते चालतं. मोटर असलेल्या मशीनला चालत नाही. मोटर फिरायची थांबते आणि नुसती गुरगुरत राहते.

आणि आमच्या धंद्याची खोड अशी की जिथं व्होल्टेजची बोंब आहे तिथं आम्ही न विचारता खटका नॉर्मलवर टाकून येतो. कारण यूपीएसवर ठेवला की इन्व्हर्टर दर दोन मिनिटांनी टक् करून बॅटरीवर जातो, टक् करून परत येतो, मधूनच पीं पीं करतो. गिऱ्हाईक वैतागतं, इन्व्हर्टर खराब दिला म्हणून बोंब मारतं. नॉर्मलवर टाकला की सगळं गप्प. मी किती ठिकाणी असा टाकला असेल त्याला गणती नाही. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण कुणाचा श्वास त्याला जोडलेला नव्हता.

संपतरावांच्या घराभोवती तेव्हा चार नव्या सोसायट्या उठल्या होत्या. सगळ्यांना मिळून डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच, गावाचा जुना. सकाळी सहा वाजले की सोसायट्यांचे पंप सुरू, गीझर सुरू, आणि गावातली लाईट मान टाकायची. आठनंतर जरा बरी व्हायची. रोजचंच ते. म्हणजे रोज सकाळी दोन तास इन्व्हर्टरची टकटक आणि पीं पीं, आणि तीही संपतराव झोपायचे त्याच खोलीत. त्यांची बायको आनंदीबाई तिथंच खाली अंथरूण टाकायची. रात्रभर नवऱ्याची नळी सांभाळणारी बाई. पहाटे कुठं डोळा लागायचा, की हे टक्.

तिनं मला तीन फोन केले. पहिल्या फोनला मी सांगितलं, "मावशी, तो आवाज म्हणजे तो काम करतोय." दुसऱ्याला सांगितलं, "स्टॅबिलायझर बसवून घ्या." तिसऱ्याला ती रडायलाच लागली. "अवो, ह्ये दचकून उटत्यात. छातीला हात लावून बसत्यात. म्या किती दिस जागू? त्याचं थोबाड बंद करा न्हाईतर घिऊन जा तुमचं डबडं."

मी गेलो. वार गुरुवार. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट बंद ठेवतात, म्हणजे आमच्यासारख्यांचा तो मरणाचा दिवस, सकाळपासून फोन. मी गाडी बाहेर उभी केली आणि डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा न काढता आत गेलो. संपतराव पलंगावर उशांना टेकून बसले होते. हाडं आणि डोळे, बाकी माणूस उरला नव्हता. तेवढ्यातही त्यांनी मला हात जोडले. मी इन्व्हर्टरच्या मागं हात घातला आणि खटका नॉर्मलवर केला.

मला माहीत होतं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्ही मला मूर्ख समजणार नाही. मूर्ख असतो तर बरं झालं असतं. मी आनंदीबाईंना बोलावलं आणि दाखवलं. "मावशी, आता आवाज करणार नाही. पण सकाळी बल्ब पिवळा झाला आणि मशीन गुरगुरायला लागलं, की हा खटका इकडं करायचा. आठवणीनं. नाहीतर मशीन चालू दिसेल आणि हवा येणार नाही."

"व्हय, व्हय."

"कळलं ना?"

"कळलं की. येडी हाय का म्या?"

झालं. एवढंच. त्यांची सून उल्का गच्चीवर कपडे वाळत घालत होती, बारावी शिकलेली पोर, तिला हाक मारून दाखवलं असतं तर तिनं मला चार प्रश्न विचारले असते. नाही मारली हाक. खिशात पेन होतं, एक चिठ्ठी चिकटवायला काय लागत होतं? पण माझ्या डोक्यात एकच, की आता ही बाई फोन करणार नाही. आणि खरंच नाही केला तिनं. सकाळी सहाला स्वतः उठून खटका इकडं करायची, आठला तिकडं. की नाही करायची, अल्ला जाणे. पुढचे अठरा दिवस मला मांजरीहून फोन आला नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी साडेसातला आला. भैरूचा. आवाज ओळखू येईना. "भाई, आबा गेले. मशीन बंद पडलं का काय झालं, कायबी कळंना. तुमी या."

कार्तिक महिना होता. आनंदीबाई पहाटे देवळात काकड्याला गेली होती. आजारपण सुरू झाल्यापासून बाई कुठं बाहेर पडली नव्हती, त्या दिवशी शेजारणींनी नेलीच. भैरू टँकर घेऊन बाहेर. घरात उल्का आणि सासरा. उल्का पोरांचे डबे करत होती आणि मधूनमधून आत डोकावत होती. ट्यूब लागत नव्हती, बल्ब पिवळा, पण तो रोजच पिवळा असायचा. मशीनचा आवाज येत होता. कोपऱ्यात छोटा सिलिंडर भरलेला उभा होता, वेळ पडली तर नळी तिकडं जोडायची हे तिला येत होतं. वेळ पडली आहे हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आनंदीबाई परत आली तेव्हा माणूस थंड पडलेला.

मी नऊला पोचलो. अंगणात माणसं जमली होती, चुलीवर पाणी तापत होतं. भैरू मला हाताला धरून आत घेऊन गेला. खोलीत मशीन छान चालू होतं. का नाही चालणार? आठ वाजून गेले होते, व्होल्टेज फुल होतं. मी नळी गालाला लावून बघितली. हवा येत होती, गार गार. मग मी इन्व्हर्टरच्या मागं वाकलो. खटका नॉर्मलवर.

माझ्या हातानं तो यूपीएसवर केला. 'माझ्या हातानं' म्हणतोय खरा, पण हात काय स्वतःच्या मनानं हलतो? मीच केला. भीती वाटली. पोलीस, भैरूचा आवाज, अंगणातली शंभर माणसं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढं आलं, आणि मी चोरासारखा खटका फिरवला. फिरवून उभा राहिलो आणि म्हणालो, "इन्व्हर्टर ओके आहे. बॅटरी फुल आहे."

शब्दन् शब्द खरा. आणि त्या खऱ्या शब्दांनी मी उल्काला फासावर चढवलं.

भैरू गर्रकन वळला. ती दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. "ऐकलंस? इन्व्हर्टर चांगला हाय. मशीन चांगलं हाय. मग काय झालं? नळी निघाली व्हती का? तू कुठं व्हतीस?"

"मी बघून जात होते हो. लाईट होती. मशीन चालू होतं."

"मग माझा बाप हौसेनं मेला का?"

आनंदीबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग इन्व्हर्टरकडं, आणि मान खाली घातली. तेव्हाच मला कळलं की तिला सगळं आठवलंय. मी वाट बघत होतो, ती बोलेल. मला वाटतं तीही वाट बघत होती, मी बोलेन. शेवटी तीच बोलली. "म्या जाताना सांगून गेले व्हते, हितनं हलू नगंस. पर हिला त्या मोबाईलातनं डोकं काढायला व्हतंय कुठं?"

मी निघून आलो. घरी आलो, जेवलो. हो, जेवलो. लाज वाटते, पण जेवलो.

तेराव्यानंतर भैरूनं उल्काला माहेरी भोरला पाठवून दिलं. पोरं ठेवून घेतली. हे मला कसं कळलं, तर महिन्याभरानं ती स्वतः माझ्या दुकानात आली. स्वारगेटला उतरून चालत आली होती, चपलेचा अंगठा तुटलेला. गिऱ्हाईक होतं म्हणून बाजूला उभी राहिली. ते गेल्यावर म्हणाली, "चाचा, एक विचारायचंय. मला विजेतलं कळत नाही. लाईट होती, मशीन आवाज करत होतं. मग आबा का गेले?"

"वय झालं होतं, बाळ. छाती खराब."

"तसं लिहून द्या. तुमच्या दुकानाच्या कागदावर. मशीन जुनं होतं म्हणून लिहा. मुलगी माझी पाच वर्षांची आहे चाचा, ती फोनवर मला विचारते, तू आबांना मारलंस का. कुणीतरी शिकवलंय तिला."

मी चहा सांगितला. चहा आला. तिचा कप तसाच राहिला. मला त्या पोरीचा राग आला, खरं सांगतो. कशाला आली ही? बऱ्यापैकी विसरत आलो होतो मी. आणि मग तो राग तिच्यावरचा नव्हेच हे ध्यानात आलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. खटका, गुरुवार, तिची सासू, हेल्मेट, नऊ वाजता मागं घातलेला हात. काही ठेवलं नाही.

मग तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. दुकानातली एखादी बॅटरी डोक्यात घातली असती तरी मी हललो नसतो. ती म्हणाली, "म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हती."

"काहीच नव्हती?"

"तुझी कणभरही नव्हती."

"मग चला. आत्ता चला. माझ्या नवऱ्याला हेच सांगा." तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. मी शटर ओढलं.

आम्ही पोचलो तेव्हा आनंदीबाई ओट्यावर मेथी निवडत होती. भैरू टँकरचा पाइप गुंडाळत होता. बायकोला माझ्या गाडीवरून उतरताना बघून त्याच्या कपाळाची शीर फुगली. मी बसलो नाही, पाणी घेतलं नाही. उभ्याउभ्या सांगितलं, जसं उल्काला सांगितलं तसंच.

भैरू आत गेला. बाहेर आला. "खटका तर यूपीएसवर हाय."

"मी फिरवला. त्याच दिवशी."

"माझ्या बापाच्या आंघोळीचं पाणी तापत व्हतं, आन् तुमी खटका फिरवत व्हता?"

"हो."

तो आईकडं वळला. "आये, ह्ये तुला दावून गेलते का?"

आनंदीबाईचे हात थांबले नाहीत. पानं खुडत राहिली. "म्या अडाणी बाई. मला काय कळतंय खटक्यातलं? कोन काय दावतंय, कोन काय सांगतंय. मला न्हाई आठवत."

"मावशी," मी म्हणालो, "तुम्ही मला म्हणालात, येडी हाय का म्या. आठवा."

"न्हाई आठवत." तिनं पानांऐवजी देठ टोपल्यात टाकले आणि पुन्हा वेचून काढले. म्हातारीला धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला. पण कुठल्या तोंडानं? ती महिनाभर जे करत होती ते मी तिच्या आधी, प्रेतासमोर केलं होतं. आणि तिला कबूल करायचं म्हणजे काय, तर स्वतःच्या झोपेसाठी नवरा गेला असं पोटच्या पोराच्या तोंडावर म्हणायचं.

भैरूनं पाइप खाली टाकला. "भाई, त्या दिशी कोन बोललं, इन्व्हर्टर ओके हाय? तुमीच ना? आज हिच्या रडण्यानं दुसरंच बोलताय. उद्या कुनी रडलं तर तिसरं बोलाल. माझी आई खोटं बोलती का?" मग आवाज उतरला त्याचा, आणि तो जास्त वाईट होता. "जावा तुमी. हिलाबी घिऊन जावा. पोरं शाळेतनं यायच्या आत."

उल्का ओट्याच्या पायरीवर उभी होती. नवऱ्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं, आणि येऊन गाडीवर बसली. मीच बोलत राहिलो वाटेत. वकील बघू म्हणालो, पंचांना सांगू म्हणालो, तुझ्या भावाला घेऊन परत जाऊ म्हणालो. हडपसर गेलं, पूलगेट गेलं.

स्वारगेटला भोरची गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "चाचा, मशीन गुरगुरत होतं तेव्हा हवा जरासुद्धा येत नव्हती?"

"नाही."

"मग माणूस किती वेळ काढतो?"

"मी डॉक्टर नाही, बाळ."

"सांगा ना."

"त्यांच्यासारखा माणूस... अर्धा तास. फार तर पाऊण."

तिनं मनातल्या मनात सहापासूनची मिनिटं जुळवली. "साडेसहाला मी आत गेले होते. गोधडी खाली घसरली होती, ती नीट केली. आबांनी हात वर केला आणि हलवला. धापेमुळं बोलता यायचं नाही ना त्यांना. चहा नको असला, काही नको असलं की असाच हात हलवायचे, जा म्हणून. मी म्हटलं, बरं, पडा तुम्ही. आणि फोडणीचा ठसका आत जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं."

भोरची गाडी आली, माणसं पळाली, कंडक्टर ओरडायला लागला. ती उठली, पिशवी काखेत घेतली.

"इतके दिवस सगळी म्हणत होती तरी मला शपथेवर वाटायचं, मी काही चुकले नाही," ती म्हणाली. "आज मला घरात घेत नाहीत ते नाहीतच, आणि वर हे कळलं. चाचा, तुम्ही मला सांगायला नको होतं."